शिळेपलीकडचा गामा

सयाजीबागेतील संग्रहालयाशी बडोदेकरांचे नाते तसे कौटुंबिकच म्हणावे लागेल. परगावचा पाहुणा घरी आला की त्याला देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी दाखवून आणायची, ही आपल्याकडील जुनी रीत. ह्या दोन आकर्षणांपुढे तेथील एका ओबडधोबड शिळेकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. उंची जेमतेम अडीच फूट. सांगितले जाणारे वजन मात्र बाराशे किलो. १९०२ साली गुलाम महंमद ऊर्फ गामा पहिलवान ह्याने बडोद्यात ही शिळा उचलली, अशी तिची ख्याती आहे.

माझे आजोबा तरुणपणी आखाड्यात जाणारे. ही गोष्ट मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकली, आणि एकदा नव्हे, अनेकदा ऐकली. प्रत्येक वेळी शिळेचे वजन थोडे वाढत असे आणि ती छातीशी धरून गामा जितकी पावले चालला, तीही वाढत असत. शताब्दी-ग्रंथासाठी आपल्या नगरीशी संबंध आलेल्या एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा आजोबांच्या त्या गोष्टीचेच मला स्मरण झाले. साहित्याच्या अध्यापकाने पहिलवानाचे चरित्र लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण आख्यायिका कशी घडते आणि तिच्या ओझ्याखाली मूळ माणूस कसा दबून जातो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाच आहे.

आधी त्या बाराशे किलोंचा विचार करू. १९०२ च्या बडोद्यात वजने मणात आणि शेरात होत. किलोग्रॅमचा व्यवहार आपल्याकडे रुळला तो १९५६ च्या कायद्यानंतर. म्हणजे आज आपण सांगतो तो आकडा मागाहून केव्हातरी बसविलेला आहे. दुसरे असे की, सर्व आधुनिक साधनांनिशी तयार झालेले आजचे जगज्जेते बलवंत पोलादी दांडीला वजन लावून जमिनीपासून कमरेपर्यंत उचलतात, त्याचा उच्चांकही पाचशे किलोंच्या आसपासच आहे. हाताला धड पकड न देणारी बाराशे किलोंची शिळा कोणी अधांतरी उचलून घेऊन चालेल, हे मानवी अस्थींच्या सामर्थ्याबाहेरचे आहे. गामाने ती शिळा कडेने उचलली असेल, जागची हलविली असेल. तेवढेही इतरांना जमले नसेल. माझे मत असे की, त्याच्या मोठेपणाला ह्या आकड्याची मुळीच गरज नाही. उलट हा आकडाच त्याच्या खऱ्या कर्तृत्वाच्या आड येतो.

गामाचा जन्म १८७८ च्या सुमारास पंजाबात स्थिरावलेल्या एका काश्मिरी मुसलमान घराण्यात झाला. कुस्ती हा ह्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. वडील अझीझ बक्ष हे झाशीजवळच्या दतिया संस्थानात राजा भवानीसिंग ह्यांच्या पदरी मल्ल होते. गामा पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे आजोबा नून पहिलवान ह्यांनी आणि त्यांच्यानंतर मामा ईदा पहिलवान ह्यांनी त्याला व त्याचा धाकटा भाऊ इमाम बक्ष ह्याला सांभाळले, घडविले. पितृहीन मुलाचे दुःख हलके करायला त्या घरात एकच साधन होते, ते म्हणजे आखाड्याची माती. वडिलांच्या तोडीचा मल्ल व्हायचे, हे त्या वयात मनावर बिंबविले गेले ते कायमचे.

दहा वर्षांचा असताना तो प्रथम लोकांच्या नजरेत भरला. १८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी व्यायामाची एक स्पर्धा भरविली होती. तीत शेकडो मल्ल बैठका काढू लागले, एकेक करून थकून बाजूला झाले, आणि अखेरीस उरलेल्या पंधराएक जणांत हे दहा वर्षांचे पोर होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. मागाहून कित्येक दिवस त्याला अंथरुणावरून उठवत नव्हते, असाही तपशील ह्या कथेला जोडलेला आहे. आणि मला तो विजयापेक्षा अधिक विश्वसनीय वाटतो.

येथे राजाश्रयाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण त्यावाचून गामाचे जीवन समजणार नाही. त्या काळी कुस्ती हा संस्थानी हिंदुस्थानचा शौक होता. दतिया, पतियाळा, इंदूर, कोल्हापूर, बडोदा अशा दरबारांतून मल्लांना नेमणुका असत. आपल्याकडे खंडेराव महाराजांचा कुस्तीचा षोक तर प्रसिद्धच आहे. मल्लाला लागणारा खुराक म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. दूध, तूप, बदाम, मांसाचा अर्क ह्यांचा रोजचा खर्च सामान्य कुटुंबाला पेलणारा नव्हता. हा भार सरकारी खजिना उचली. मल्लाने सकाळ-संध्याकाळ मेहनत करावी, दरबारचे नाव राखावे आणि महाराज सांगतील त्याच्याशी लढावे. पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर हा गामाच्या नित्याच्या मेहनतीचा आकडा म्हणून सर्वत्र सांगितला जातो. बैठका काढताना तो गळ्यात घालीत असे ती दगडी हंसळी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जतन केलेली आहे. ही मेहनत त्याची स्वतःची होती. पण ती करण्याची फुरसत दुसऱ्याच्या औदार्यावर अवलंबून होती. पुढे ह्याचाच त्याला फटका बसला.

ह्या काळात सर्व हिंदुस्थानात एकच नाव त्याच्या वाटेत उभे होते, गुजराँवाल्याचा रहीम बक्ष सुलतानीवाला. रहीम बक्ष उंचीने जवळजवळ सात फूट. गामा पाच फूट सात इंच. रहीम बक्ष वयाने पुष्कळच वडील आणि कीर्तीच्या शिखरावर. गामा मिसरूड फुटलेला पोरगा. दोघांची पहिली मोठी लढत अनिर्णित राहिली आणि त्या बरोबरीनेच गामाचे नाव पंजाबपासून दख्खनपर्यंत पोहोचले. पुढेही त्यांच्या लढती बरोबरीत सुटल्या. बाकीचे नामांकित मल्ल एकेक करून गामाकडून चीतपट झाले, पण ह्या एका उंच सावलीला ओलांडणे त्याला बरीच वर्षे साधले नाही.

१९१० मध्ये आर. बी. बेंजामिन नावाच्या इंग्रज व्यवस्थापकाने गामा, इमाम बक्ष, अहमद बक्ष आणि गामू अशा चौघा मल्लांना विलायतेस नेले. तो काळ आठवून पाहावा. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. सावरकरांना लंडनमध्ये अटक होऊन ८ जुलै रोजी त्यांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली होती. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ८ ऑगस्टला, लंडनच्या अलहंब्रा नाट्यगृहात गामा रंगमंचावर उतरला. हिंदी माणूस दुबळा, त्याला राज्य करणे काय जमणार, अशी भाषा उघडपणे बोलली जाण्याचे ते दिवस. गामाला राजकारण ठाऊक नव्हते; पण त्याच्या कुस्तीला राजकारणाचा रंग चढणे अटळ होते.

आरंभी त्याला लंडनमध्ये कोणी दारात उभे करीना. उंची कमी म्हणून स्पर्धेत प्रवेश नाकारला गेला, असे सांगतात. मग त्याने जाहीर आव्हान दिले. त्यात हॅकेनश्मिट आणि अमेरिकेचा फ्रँक गॉच ह्या जगद्विख्यात मल्लांनाही आमंत्रण होते. ते दोघे पुढे आले नाहीत. पुढे आला तो अमेरिकेचा डॉ. बेंजामिन रोलर. हा खरोखरीचा वैद्यक पदवीधर आणि नाणावलेला मल्ल. गामाने त्याला पहिल्या डावात १ मिनिट ४० सेकंदांत आणि दुसऱ्यात ९ मिनिटे १० सेकंदांत पाठीवर पाडले. पुढच्याच महिन्यात इमाम बक्षने स्विस मल्ल जॉन लेम ह्याला नमविले.

मग १० सप्टेंबर १९१० चा तो दिवस आला. शेफर्ड्स बुशच्या मैदानात प्रतिस्पर्धी होता पोलंडचा स्टानिस्लॉस झिबिस्को. बक्षीस अडीचशे पौंड आणि जॉन बुल पट्टा. झिबिस्को हा काही निव्वळ मांसाचा डोंगर नव्हता. सुशिक्षित, अनेक भाषा जाणणारा, डोक्याने लढणारा मल्ल. वजनात तो गामाहून पन्नासएक पौंडांनी भारी. लढतीच्या पहिल्या मिनिटातच गामाने त्याला खाली आणले आणि झिबिस्कोने आपले सारे गणित त्याच क्षणी मांडले असावे. तो ओणवा झाला, पोट गादीला चिकटविले आणि तसाच राहिला. एक तास गेला, दोन तास गेले.

ह्या लढतीचे मर्म कुस्ती न पाहिलेल्या वाचकाच्या ध्यानी यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या मातीतल्या कुस्तीत मल्ल उभ्याने लढतो. दस्ती ओढून, पाय लावून, ढाक किंवा धोबीपछाड टाकून प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवायचे, की निकाल लागला. विलायती कुस्तीत मऊ गादी असते आणि मल्ल तासन्‌तास जमिनीवर पडून झुंजू शकतो. खांदे टेकेपर्यंत निकाल नाही. गामा ज्या मातीत वाढला तिथे असे पालथे पडून राहणे म्हणजे अर्धी हार. झिबिस्कोच्या दृष्टीने तो केवळ बचाव होता आणि नियमांत बसणारा होता. गामा त्याच्या भोवती फिरत राहिला, ओढत राहिला, उलटविण्याचे डाव टाकत राहिला. पण आपल्याहून इतके जड आणि जमिनीला खिळलेले शरीर उलटविण्याचा डाव त्याच्या पोतडीत नव्हता. दोन तास पस्तीस मिनिटांनी अंधार पडू लागला आणि लढत अनिर्णित ठरवून थांबविली गेली. एक आठवड्याने पुन्हा भेटण्याचे ठरले. ठरल्या दिवशी गामा हजर झाला. झिबिस्को आला नाही. पट्टा आणि बक्षीस गामाला मिळाले.

लंडनच्या पत्रांनी झिबिस्कोची टर उडविली, हिंदी पत्रांनी गामाला डोक्यावर घेतले. माझ्या मते मात्र त्या दिवशी दोघेही अपुरेच ठरले. गामाला हे कळले असावे. कारण मागाहूनही झिबिस्कोचा हिशेब त्याच्या मनातून गेला नाही, आणि झिबिस्कोच्याही मनातून गेला नाही.

मायदेशी परतल्यावर अलाहाबादेस रहीम बक्षशी अखेरची लढत झाली. बराच वेळ झुंजल्यानंतर बरगडीच्या दुखापतीमुळे रहीम बक्ष पुढे लढू शकला नाही आणि गामा रुस्तम-ए-हिंद झाला. आपल्या आयुष्यात सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण, असे कोणी विचारले तर गामा रहीम बक्षचेच नाव घेई, झिबिस्कोचे नव्हे. विजयी माणसाच्या स्वभावाची ही खूण मला फार मोलाची वाटते. ह्याच सुमारास महाराष्ट्रातही ह्या घराण्याचा डंका वाजला. शाहू छत्रपतींनी रोमचे क्रीडागार डोळ्यांपुढे ठेवून कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ मधील त्याच्या उद्घाटनाच्या कुस्तीत इमाम बक्ष उतरला होता, प्रतिस्पर्धी गुलाम मोहिद्दीन.

आपल्या वाचकांना येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. गामा लंडनमध्ये आव्हाने देत होता त्याच १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन ह्यांना बडोद्यात आणून ग्रंथालय-चळवळीची घडी बसविण्यास आरंभ केला. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ लोकांसाठी खुले झाले. एकाच राजाश्रयाने मल्लही पोसले आणि ग्रंथही. बडोद्यात तर दोन्ही प्रवाह एकत्र आले, द. चिं. मुजुमदार ह्यांच्या संपादनाखाली व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ ह्या काळात येथूनच प्रसिद्ध झाले. पण ग्रंथालये हळूहळू लोकवर्गणीवर उभी राहिली, तशी संधी मल्लांना मिळाली नाही.

पुढे पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांनी गामाला आश्रय दिला. वर्षे गेली, तोलामोलाचा प्रतिस्पर्धी कोणी उरला नाही. दरम्यान झिबिस्को अमेरिकेत दोनदा, १९२१ आणि १९२५ मध्ये, जगज्जेता झाला होता. महाराजांनी त्यालाच पतियाळास बोलाविले. जानेवारी १९२८. लंडनला अठरा वर्षे लोटलेली. गामा पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झिबिस्कोही त्याच वयाचा. माझ्या वयाच्या आसपासचे दोन गृहस्थ हजारोंच्या समुदायासमोर जुना हिशेब चुकता करायला उघड्या अंगाने उभे राहिले, ह्याचे मला आज विशेष नवल वाटते. ह्या वेळी गादी नव्हती, माती होती. झिबिस्को उभ्याने भिडला आणि एक मिनिटाच्या आत त्याची पाठ मातीला लागली. नेमके सेकंद किती, ह्याविषयी वेगवेगळे आकडे छापले गेले. सर्व आकडे मिनिटाच्या आतले आहेत. झिबिस्कोने पराभव मोकळ्या मनाने मान्य केला. गामा रुस्तम-ए-जमान ठरला. दुसऱ्याच वर्षी पीटरसन नावाच्या पाश्चात्त्य मल्लालाही त्याने पतियाळात दीड-एक मिनिटात पाडले. त्यानंतर त्याच्याशी हात मिळवायला मोठा मल्ल कोणी आला नाही.

१९३८ मध्ये भूपिंदरसिंग निवर्तले. घरात तर दुःखाची मालिकाच होती. गामाचा एकही मुलगा वारसा चालविण्यास उरला नाही. अखेरचा १९४५ मध्ये कोवळ्या वयात गेला. दोन वर्षांनी फाळणी झाली. ज्या पतियाळाच्या मातीत तो जगज्जेता झाला, त्या पतियाळात मुसलमानांना राहणे अशक्य झाले. गामा लाहोरला मोहिनी रोडवर राहत होता. त्या वस्तीत हिंदू कुटुंबे होती. जमाव चालून आला तेव्हा गामा आपल्या शिष्यांनिशी आडवा उभा राहिला, पुढच्या गुंडाला एका तडाख्यात लोळविले आणि पुढे त्या शेजाऱ्यांना स्वखर्चाने शिधा देऊन सीमेपर्यंत सुखरूप पोहोचविले, ही हकीकत दोन्ही देशांत सांगितली जाते. शिळेच्या गोष्टीविषयी मी वर शंका घेतली. ही गोष्ट मात्र मी मानतो. साठी-सत्तरीतल्या त्या माणसाने उचललेले हे वजन कोणत्याही काट्यावर बसविलेले नाही, म्हणून ते वाढविण्याचा मोह अजून कोणाला झालेला नाही.

संस्थाने विलीन झाली आणि खुराकाचा, नेमणुकीचा, दरबारी मानाचा सारा डोलारा एका झटक्यात कोसळला. सीमेच्या पलीकडच्या नव्या राष्ट्रात वृद्ध मल्लाला विचारणारे थोडे. दमा आणि हृदयविकार जडला. औषधपाण्यासाठी पदके विकण्याची पाळी आली. पाकिस्तान सरकारने काही साहाय्य केले, आणि हिंदुस्थानातून घनश्यामदास बिर्ला ह्यांनी त्याला दरमहा मदत पाठविली. झिबिस्कोचे उत्तरायुष्य त्या मानाने स्वस्थतेत गेले. अमेरिकेत मिसुरी राज्यात त्याने शेतमळा केला, १९५० च्या एका गाजलेल्या चित्रपटात वृद्ध मल्लाची भूमिकाही केली, आणि १९६७ पर्यंत तो जगला.

गामाच्या घराण्याची मल्लविद्या इमाम बक्षच्या मुलांनी, भोलू आणि त्याच्या भावांनी, पाकिस्तानात चालविली. गामाच्या कन्येची कन्या कुलसूम ही पुढे नवाझ शरीफ ह्यांची पत्नी झाली.

२३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गामा निवर्तला. ती बातमी बडोद्यास वर्तमानपत्रांतून आली तेव्हाची एक आठवण माझे वडील सांगत. आजोबांचे वय तेव्हा उतरणीला लागलेले. मेहनत सुटली होती, पण रोज पहाटे आखाड्यात जाऊन फावड्याने हौद्याची माती वरखाली करण्याचा नेम चुकला नव्हता. त्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे गेले, फावडे हातात घेतले, काही वेळ कडेला उभे राहिले आणि माती न उकरताच घरी परत आले.